अक्काचे गिळलेले शब्द

अकराव्या आवृत्तीची नोटीस मुकुंदराव हेरलेकरांना सकाळी साडेसहाला आली, आणि तोंडातला चहा त्यांनी परसातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी थुंकून टाकला. चहा चांगला होता, उज्ज्वलाबाईंनी आलं ठेचून घातलं होतं. पण ‘आपल्या अधिक आनंददायी अनुभवासाठी’ हे शब्द वाचले की मुकुंदरावांना मळमळायचं, आणि नोटिशीची सुरुवातच त्या शब्दांनी होती.

“काय झालं हो?” उज्ज्वलाबाईंनी दारातून विचारलं.

“पुन्हा खिडक्या हलवल्या मेल्यांनी.”

उज्ज्वलाबाई आत गेल्या. नवऱ्याचं हे वाक्य गेली सहा वर्षं त्या वर्षातून दोनदा ऐकत होत्या. पुढचे पंधरा दिवस हा माणूस जेवताना ताटाकडे बघणार नाही, एवढाच त्याचा अर्थ त्यांना माहीत होता.

साल दोन हजार एक्केचाळीस. गाव गडहिंग्लज, घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. मुकुंदराव चौतीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये पोरांना संगणक शिकवून निवृत्त झाले होते आणि आता मुंगी सांभाळत होते. मुंगी हे एका कंपायलरचं नाव. माणसाने C भाषेत लिहिलेला मजकूर यंत्राच्या आकडी भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. बडे कंपायलर एव्हाना इतके फुगले होते की घरातल्या यंत्रात मावत नसत. ते कंपनीच्या कुठल्यातरी दूरच्या गोदामात चालत. आपण मजकूर पाठवायचा, ते तीन तासांनी तयार प्रोग्रॅम परत पाठवणार, आणि मधल्या वेळात तुमचा मजकूर वाचून घेणार. मुंगी सगळी मिळून तीनशे किलोबाइटची. पूर्वी जगभरचे चाळीसएक हौशी लोक तिची देखभाल करायचे. मग वीस राहिले, मग नऊ. आता दोनच उरले होते: एक मुकुंदराव आणि दुसरी फिनलंडमधली एक निवृत्त ग्रंथपाल बाई. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्याशी त्यांचं बायकोपेक्षा जास्त बोलणं व्हायचं.

देखभाल म्हणजे खिडक्यांच्या मागे धावणं. ऑपरेटिंग सिस्टीम ही यंत्राच्या आतली कचेरी. प्रोग्रॅमला पडद्यावर अक्षर उमटवायचं असो, आवाज काढायचा असो की स्मृतीत चार बोटं जागा हवी असो, त्या त्या खिडकीवर ठरलेल्या नमुन्यातच अर्ज द्यावा लागतो. कुठल्या खिडकीवर कुठला अर्ज, हे कंपायलरला पाठ असावं लागतं. आणि कंपनीला दर सहा महिन्यांनी खिडक्या हलवायचं व्यसन. बड्या कंपायलरांना नवा नकाशा आधीच पोचता होई. मुंगीने मात्र प्रत्येक दारावर डोकं आपटून कुठलं उघडं आहे ते शोधायचं.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर अक्कासाठी. निदान मुकुंदराव तसं सांगायचे.

अक्का त्यांची थोरली बहीण, कलावती. लग्नानंतर दीड वर्षात माहेरी परत आली आणि घराच्या पुढच्या भागात तिने खानावळ काढली. चाळीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि कॉलेजची पोरं तिच्या हातचं जेवली. त्या खानावळीवर मुकुंदराव इंजिनिअर झाले. अक्का एका हाताने वाढायची आणि दुसरा हात कमरेवर ठेवून ओरडायची. जेवण झाल्यावर हात वाळवत दुसऱ्याच्या गप्पा ऐकत बसणाऱ्या गिऱ्हाइकाचा तिला भारी तिटकारा. “जेवलास न्हवं? मग उठ!” ही तिची आरोळी स्टँडवरच्या कंट्रोलरलाही ऐकू जायची. चाळीस वर्षं मिश्री लावली, आणि सहा वर्षांपूर्वी गळ्याच्या कॅन्सरने स्वरयंत्र गेलं. गळ्याला श्वासापुरतं एक भोक राहिलं. खानावळ बंद झाली. ‘आजचा बेत’ लिहिलेला फळा तेवढा भिंतीवर राहिला.

स्वरयंत्र गेलं तरी बोलण्याची आज्ञा मेंदूतून निघतेच. ती मानेच्या आणि हनुवटीखालच्या स्नायूंपर्यंत येते आणि तिथे विजेची बारीकशी थरथर होते. गळ्यावर चिकटवायची एक पट्टी ती थरथर टिपते आणि कमरेच्या डब्याकडे पाठवते. डबा तिचे शब्द करून बोलतो. अडचण एवढीच, की ही थरथर रोज निराळी असते. झोप झाली नाही, सूज आली, पट्टी केसभर सरकली, की कालचा हिशोब आज लागू पडत नाही. म्हणून रोज सकाळी अक्काने ठरलेली बारा वाक्यं ‘बोलायची’. त्यावरून डबा त्या दिवसापुरता नवा प्रोग्रॅम C भाषेत स्वतःच लिहायचा, आणि डब्यातच बसलेली मुंगी पापणी लवायच्या आत तो आकडी भाषेत उतरवायची. भाकरीसारखं होतं ते, रोज ताजी थापायची. बड्या कंपायलरकडे पाठवलं असतं तर अक्का सकाळचा पहिला शब्द दहा वाजता बोलली असती.

आवाज तिचाच होता. ‘मुकुंदा, येताना दोन किलो कांदा आण’ अशा तिच्या जुन्या फोन-निरोपांतून मुकुंदरावांनी तो जुळवला होता. या भागातल्या बायका बोलतात तसं ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणणारा, भांड्यावर भांडं आपटल्यासारखा खणखणीत आवाज.

सुरुवातीला एक घोळ झाला होता. आपण बोलतो तेव्हा स्नायू जोरात थरथरतात. पण ओठांपर्यंत आलेले आणि परत फिरवलेले शब्दही बारीक थरथरून जातात. पहिल्याच आठवड्यात समाचाराला आलेल्या चुलत वहिनीसमोर डब्याने ठणकावून सांगितलं, “हिला च्या दिऊ नका, उठायची न्हाई.” अक्काने तोंडावर हात धरला, पण शब्द तोंडातून आलेच नव्हते. त्या दिवशी मुकुंदरावांनी प्रोग्रॅममध्ये एक गाळणी बसवली. गाळणी म्हणजे फक्त एक आकडा. त्याच्या खालची थरथर आली की सोडून द्यायची. अक्काने जे गिळलं ते गिळलेलंच राहू लागलं.

आतापर्यंतच्या सगळ्या आवृत्त्यांना मुकुंदराव पुरून उरले होते. नवव्या आवृत्तीने फर्मान काढलं होतं, की स्मृतीच्या ज्या पाटीवर लिहिलं ती पाटी चालवता येणार नाही, आणि जी चालते तिच्यावर लिहिता येणार नाही. जागच्या जागी लिहून चालवणाऱ्या मुंगीचा त्यात गळाच आवळला गेला. मुकुंदरावांनी आणि ग्रंथपालबाईंनी महिनाभर डोकं लावून एकाच पाटीला दोन तोंडं केली, एका तोंडाने लिहायचं आणि दुसऱ्या तोंडाने चालवायचं. त्या यशावर मुकुंदराव आठवडाभर शीळ घालत हिंडले होते.

अकराव्या आवृत्तीने साक्षीदार बसवला. नव्याने जन्मणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला एक साक्षीदार चिकटवणं सक्तीचं झालं. प्रोग्रॅमच्या आत जे जाईल ते हा साक्षीदार आत जाण्याआधीच टिपून घेणार आणि कंपनीकडे पाठवणार. कारण, सुरक्षितता. मुकुंदरावांनी ते पान तीनदा वाचलं. गाळणी होती प्रोग्रॅमच्या आत. साक्षीदार उभा राहणार उंबऱ्यावर, गाळणीच्या अलीकडे. अक्काच्या गळ्यातलं सगळं, बोललेलं आणि गिळलेलं, त्याच्या हाती लागणार.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला दहावी आवृत्ती बंद पडणार होती, आणि साक्षीदार चिकटवला नाही तर तिच्याबरोबर डबाही. दुसरा डबा आणावा तर पट्टीवाले सगळे डबे याच सिस्टीमवर चालायचे. खोटा साक्षीदार करून पाहिला, नुसते बनावट आकडे पाठवणारा. दोन मिनिटांत सिस्टीमने तो ओळखला आणि प्रोग्रॅम मारून टाकला. ग्रंथपालबाईंनी आणखी सात युक्त्या केल्या, त्या सातही मेल्या. शेवटी मुकुंदराव खाली मान घालून खरा साक्षीदार बसवायला लागले. चांगल्या घरात उकिरडा आणून ओतायचा आणि तोही सुबक ढीग करून ओतायचा, असलं ते काम.

तयार झाल्यावर चाचणी हवी. चाचणीपुरती सोय अशी होती, की साक्षीदाराची नोंद कंपनीकडे न जाता डब्यातच साठायची. मुकुंदरावांनी ती प्रत अक्काच्या डब्यात घातली. तिला सांगितलं नाही. तिला काय कळणार आहे यातलं, असं स्वतःशी म्हणाले.

आणि रात्री अक्का झोपल्यावर नोंद वाचायला बसले. चौतीस वर्षं ते पोरांना दटावत आले होते, की लॉग वाचल्याशिवाय चाचणीच्या कागदावर सही करायची नाही, ओळ न ओळ वाचायची. सवयच ती. पण ही नोंद नुसत्या आकड्यांची होती. ती पुरी आहे की मधेच तुटते हे कळायला एकच मार्ग होता. ते आकडे अक्काच्या त्या दिवसाच्या प्रोग्रॅममधून पुन्हा सोडायचे, गाळणी काढून. त्यांनी कानात इअरफोन घातले.

“हात गार हाईत तुझं,” अक्का म्हणाली. “रोजच्याला गार. शी.”

मुकुंदराव खुर्चीत ताठ झाले. वेळ होती सकाळी सहा पंचावन्न, बारा वाक्यं झाल्यावर ते पट्टीची कड पुन्हा दाबत होते तेव्हाची. त्यांना आठवत होतं, अक्का तेव्हा म्हणाली होती, “बरं हाय, मुकुंदा.” तेही पुढच्याच ओळीत होतं. आणि त्याच्या पाठोपाठ, बारीक: “पट्टीकडं बगतोस. डब्याकडं बगतोस. माझ्याकडं बग की एकदा.”

मग मोरीतल्या आरशापुढची नोंद. “भोक. भोक घिऊन फिरतोय मी. किळस येती.” मग दुपारचं जेवण. “आमटी हाय का हात धुतलेलं पानी,” आणि लगेच मोठ्याने, “छान झालीया, उज्वला.” मग दुपारभर, एकटी असताना, संथ लयीत: “चार भाकरी. पिठलं. तीन नंबरला भात. ए, पाच नंबर, जेवलास न्हवं?” मिटलेल्या तोंडाने अक्का तिची खानावळ चालवत होती.

आणि सगळ्यात शेवटी, झोपायला जाताना पट्टी काढायच्या आधी: “मुकुंदाला आवाज पायजे. मी न्हाई.”

नोंद पुरी होती. कुठे तुटली नव्हती. चाचणी पास झाली होती आणि सही करायला हरकत नव्हती. मुकुंदरावांना स्वतःची विलक्षण शिसारी आली. सख्ख्या बहिणीची खोली उघडी टाकून आपण आत वाकून बघितलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी इअरफोन काढून टेबलाच्या खणात फेकले.

दुसऱ्या दिवशी रात्री त्यांनी ते खणातून काढले आणि पुन्हा कानात घातले.

तिसऱ्या दिवशीही ऐकलं. चौथ्या दिवशीही. कामाला एक दिवस पुरेसा होता, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आठही रात्री ते चोरासारखे दार लोटून बसले. सकाळी पट्टी लावताना त्यांनी अक्काकडे बघायचा प्रयत्न केला, तर ती “काय रं, काय झालं?” म्हणाली आणि त्यांची नजर आपसूक डब्यावर गेली. हात गरम करून जावेत एवढंही त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तरी करता आलं नसतं, तिला कळलं असतं.

नवव्या दिवशी अभिनंदन चौगुले आला. हा मुकुंदरावांचा जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा, त्या कंपनीत ‘सुसंगती अधिकारी’ होता. कॉलेजची तीन वर्षं अक्काच्या खानावळीत जेवलेला. आल्या आल्या तो अक्काच्या पाया पडला, आणि मुकुंदरावांना त्या वाकण्याचीसुद्धा किळस आली.

“सर, किती दिवस एकट्याने ओढणार?” तो म्हणाला. “मुंगी आमच्याकडे द्या. आम्ही सांभाळतो. नाव तेच ठेवू. आणि अक्कांना नवा आवाज, एकदम गोड. ऐका तरी.”

त्याने फोन पुढे धरला. फोनमधून एक मुलायम बाई बोलली, “नमस्कार, मी कलावती. मी आत्ताच जेवले.”

“ही कोन बाई?” अक्काने विचारलं.

“तुम्हीच, अक्का.”

“मी अशी कधी जेवलो न्हाई बाबा.”

अभिनंदन हसला. मुकुंदराव हसले नाहीत. “साक्षीदार कशाला हवाय तुम्हाला?” त्यांनी विचारलं. “सुरक्षिततेचं सोड. ते तुझ्या नोटिशीत लिही. मला खरं सांग.”

अभिनंदनने खुर्ची जवळ ओढली. समोर अक्का आहे याचं त्याला काही वाटलं नाही. “सर, तुम्हाला म्हणून सांगतो. लोकांनी बोललेलं तर सगळ्यांकडेच आहे. किती ऐकणार, त्याला आता किंमत राहिली नाही. पण माणूस बोलता बोलता जे गिळतो ना, ते कुणाकडेच नाही. गिऱ्हाईक ‘ठीक आहे’ म्हणतं तेव्हा आत काय म्हणतं? आम्ही त्याला अबोल प्रतिसाद म्हणतो. या पट्ट्यांमधून तो पहिल्यांदाच मिळणार आहे. नाव-गाव काही नसतं हो त्यात. फक्त शब्द.”

“मंजे मी पोटात घातलेलं,” अक्का म्हणाली, “ते तुमी बाहीर काढनार?”

“तसं नाही, अक्का...”

“तसंच हाय की.” ती उठली. “जेवून जा,” असं ती त्याला म्हणाली नाही. गेल्या चाळीस वर्षांत त्या घरातून उपाशी गेलेला तो पहिला माणूस असावा.

अभिनंदनची गाडी गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत अक्का दारात उभी राहिली. मग वळली.

“तुला ठावं हुतं?”

मुकुंदरावांना खोटं बोलता आलं असतं. अक्काचं सगळं पोटातलं त्यांनी ऐकलं होतं, त्यांच्या पोटातलं ऐकणारा डबा मात्र अजून निघाला नव्हता. पण ज्या आवाजाला ते आठ दिवस चोरून ऐकत होते तोच आवाज समोरून विचारत होता.

“हो,” ते म्हणाले. “अक्का, तुझ्या डब्यात मी ते घातलंय. चाचणीला. कंपनीकडं काही गेलेलं नाही. फक्त मी... मी ऐकलंय.”

अक्काने गळ्याची पट्टी ओढून काढली. कातडी लाल झाली. डबा कमरेचा सोडून तिने टेबलावर ठेवला, मेलेला उंदीर ठेवावा तसा, दोन बोटांनी. मग खानावळीच्या फळ्यापाशी गेली आणि खडू घेतला. ‘आजचा बेत’ या अक्षरांखाली तिने लिहिलं: किती दिस?

“आठ.”

लागत किती हुतं?

“एक,” ते म्हणाले.

अक्काने हाताच्या तळव्याने फळा पुसला. पुन्हा लिहिलं: भाईर हो.

तीन दिवस तिने पट्टी लावली नाही. सकाळी सहा पन्नासला मुकुंदराव दाराशी जाऊन उभे राहायचे आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची. उज्ज्वलाबाई नणंदेला ताट नेऊन द्यायच्या, रिकामं परत आणायच्या. दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला म्हणाल्या, “वन्संच्या जागी मी असते तर तुमच्या त्या मुंगीवर चप्पल ठेवली असती.” सगळं कळल्यावर त्यांना नवऱ्याचा जितका राग आला तितकाच आमटीचाही आला होता, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मुकुंदरावांनी ते तीन दिवस काही काम केलं नाही. आपण सहा वर्षं नेमकं काय सांभाळलं, हा प्रश्न डोक्यातून जाईना. रोज सकाळी बहिणीच्या गळ्याला हात लावत होतो, पण तेव्हा डोक्यात असायचं ते सिग्नल नीट येतोय की नाही एवढंच. बारा वाक्यं झाली की ते उठायचे. तेरावं वाक्य ऐकायला ते कधी थांबले होते? कंपनीला शिव्या घालताना बरं वाटायचं. आता शिवी घालायला तोंड उघडलं की आपलाच वास यायचा.

चौथ्या दिवशी, महिना संपायला दोन दिवस असताना, फळ्यावर नवा मजकूर होता. अक्का फळ्याखाली स्टुलावर बसली होती, खडू हातात.

गाळणी काड.

“अक्का, तसं केलं तर सगळंच ऐकू येईल,” मुकुंदराव म्हणाले. “जे जे ओठापर्यंत येईल ते. आल्यागेल्यासमोर. उज्ज्वलासमोर. माझ्यासमोर.”

अक्काने लिहायला सुरुवात केली. फळा भरत आला तशी अक्षरं बारीक होत गेली. माझं पोटातलं तिकडं ऱ्हानाऱ्या लोकास्नी ऐकू जानार. मग घरच्यांनी काय घोडं मारलंय?

“पट्टी नकोच लावू मग. मी मुंगी बंद करतो. खरंच करतो.”

तिने मान हलवली. एक कोपरा पुसून लिहिलं: मला बोलायचं हाय. ते चोरायच्या आदी मी वाटून टाकनार.

मुकुंदराव टेबलाशी जाऊन बसले. गाळणीचा आकडा होता बावीस. त्यांनी तो खोडून शून्य केला. सहा वर्षांचं काम, एक आकडा बदलायला काही सेकंद लागले.

मुंगीच्या भरवशावर पट्टी लावणारे आणखी तीनशे चाळीस लोक जगभर होते. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी मुंगीची नवी प्रत जाहीर करायची होती. मुकुंदरावांनी तिच्यासोबतची चिठ्ठी लिहिली. अकराव्या आवृत्तीवर ही प्रत चालते. साक्षीदार तुमचे गिळलेले शब्दही नेतो, ते आम्हाला थांबवता आलेलं नाही, आम्हाला याची लाज वाटते. गाळणी ठेवायची की काढायची ते पट्टी लावणाऱ्याने स्वतः ठरवावं, दुसऱ्या कुणी नाही. काढल्यास घरच्यांना आधी कल्पना द्यावी.

ग्रंथपालबाईंचं उत्तर एका ओळीचं आलं. त्यांनी विचारून पाहिलं होतं, त्यांचा नवराही गाळणी काढायला सांगतो आहे. मुकुंदरावांनी ती ओळ दोनदा वाचली. बाईंच्या नवऱ्याला पट्टी आहे हे त्यांना सहा वर्षांत माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

एक तारीख उजाडली. सहा पन्नासला मुकुंदराव पट्टी घेऊन आत गेले तेव्हा अक्का पलंगावर उठून बसली होती, केस विंचरलेले, नवं लुगडं नेसलेली. उज्ज्वलाबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. आपली पाळी लवकरच येणार हे त्यांना ठाऊक होतं, पण हलल्या नाहीत. मुकुंदरावांनी पट्टी चिकटवली. अक्काने ओठ हलवत बारा वाक्यं केली. डब्याने प्रोग्रॅम लिहिला, मुंगीने तो उतरवला, आणि डब्यावर आजवर कधी न दिसलेला एक लाल ठिपका लुकलुकू लागला. साक्षीदार कामाला लागला होता.

“उज्वला,” अक्का म्हणाली. खणखणीत. “आमटीत डाळ घालत जा गं जरा. सहा वर्सं पानी पितोय मी.”

“घालीन,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. त्यांचं नाक लाल झालं होतं. “आणि वन्सं, तुम्ही घोरता. गळ्यातनं शिट्टी वाजते रात्रभर.”

“वाजूंदे.”

मग अक्का भावाकडे वळली. मुकुंदरावांना पुढचं सगळं पाठ होतं. आठ दिवस त्यांनी ते ऐकलं होतं, कुठला शब्द कुठल्या शब्दानंतर येतो तेही त्यांना माहीत होतं.

“तुला माझा आवाज पायजे, मुकुंदा. मी न्हाई.”

त्यांनी पट्टीची कड पुन्हा दाबून बसवली.

“एका दिसात भागत हुतं न्हवं? मग आठ दिस का ऐकलंस?”

डब्याकडे बघायची सवय मान वळवत होती. मुकुंदरावांनी ती वळू दिली नाही. अक्काच्या कपाळावर डाव्या बाजूला एक जुना व्रण होता, तव्याच्या चटक्याचा असावा. तो कधीचा, त्यांना आठवेना.

“तू खानावळ चालवत होतीस,” ते म्हणाले. “दुपारची. तीन नंबरला भात म्हणत होतीस. बारा वाक्यांत ते नसतंय, अक्का.”

अक्काच्या गळ्याचे स्नायू हलले. आता गिळायची सोय नव्हती, जे हललं ते आवाज होऊन बाहेर आलं. “शी,” ती म्हणाली. “चोर कुठला.” आणि थोडं थांबून, “हात गार हाईत तुझं. उद्यापास्नं शेकून येत जा. आनी बारा वाक्यं झाली म्हनून लगीच उठायचं न्हाई.”

“आत्ताच शेकून येतो.”

मुकुंदराव स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर चहाचं आधण होतं. त्यांनी त्याच्या कडेला दोन्ही तळवे धरले आणि उज्ज्वलाबाई मागून येऊन उभ्या राहिल्या. आतल्या खोलीत अक्का एकटीच होती, आणि तरी बोलत होती.

दोघांनी वाकून पाहिलं. डबा कमरेवरून काढून तिने समोर मांडीवर धरला होता. लाल ठिपका लुकलुकत होता, आणि ती एक हात कमरेवर ठेवून त्या ठिपक्याकडे बघत होती.

“तू काय ऐकालायस रं?” अक्का म्हणाली. “जेवलास न्हवं? मग उठ!”